हातचा

निरोपाच्या चहाला अजून तास आहे.
तोवर खालचा खण रिकामा करावा म्हटलं,
तर तळाशी हा गठ्ठा : दोनशे चौदा प्रश्नावल्या,
ब्लायनाय फेस्टिन्योग, १९८६.
कार्बनची निळाई अजून बोटाला लागते.

सातवा प्रश्न माझा. सत्तावीस वर्षांची होते,
वाटायचं, प्रश्न सरळ असला की उत्तरही सरळ येतं :
समजा, तुमच्यापुढे दहा वर्षं आहेत, अशीच, या श्वासाची.
धाप न लागणारी हवी असतील
तर दहातली किती सोडाल?

लोक सोडत. दोन. तीन.
एका बाईने नवऱ्याकडे बघत सहा.
बटाट्याचा भाव करावा तशी
माझ्या पेन्सिलीखाली वर्षं निमूट उतरत.

एकशे एकोणऐंशी : इडवाल पेन्री.
एकतीस वर्षं पाटीच्या दगडाच्या खाणीत.
घरातल्या जिन्याच्या वळणावर एक खुर्ची,
चढताना टेकायला.
त्याने किटली उतरवली, विचारलं,
"सोडलेली वर्षं जातात कुठं?"
कुठेच नाही, म्हटलं, हे नुसतं 'समजा' आहे.
"मग मेगनच्या नावावर लाव."
तसा रकाना नव्हता.
"बरं, त्यांतले रविवार तरी ठेवता येतील?
रविवारी चॅपलात गातो मी. म्हणजे, ओठ हलवतो.
पण उभा असतो सगळ्यांत."
रविवारालाही रकाना नव्हता.
मी ९९ लिहिलं. ९९ म्हणजे गहाळ.
गहाळ! समोर बसून
बिस्किटांची बशी पुढे सरकवणारा माणूस.

दोनशे तेरांवर प्रबंध उभा राहिला,
प्रबंधावर नोकरी, नोकरीवर तक्ता,
आणि तो तक्ता घेऊन मी कार्डिफ, लंडन, जिनिव्हा,
लंबगोल टेबलं, पाण्याच्या बाटल्या,
कुणाला इंजेक्शन मंजूर, कुणाला खेदाचं पत्र.
वाईट काम केलं नाही मी. हे सांगायलाच हवं.
पैसा संपतो. कुठे संपावा,
हे कुणीतरी डोळे उघडे ठेवून मोजावं लागतं;
न मोजता वाटलं की मोठ्या आवाजाच्या घरी जातं.
वर्गात हेच सांगत आले. उद्या कुणी विचारलं तरी हेच.

पण शाळेत बाई बजावायच्या, हातचा विसरू नका.
प्रत्येक बेरजेत तो माझ्या हातातच राहिला,
कुठल्याच घरात न मिळवलेला.
मंत्र्यांपुढे शून्य पूर्णांक बासष्ट म्हणताना
घशात मध्येच ती खुर्ची यायची, वळणावरची.
लोकांना वाटे, मॅडम परिणामासाठी थांबतात.

दारात तेस्नी, हातात गोणी :
"हे सगळं कापायच्या यंत्रात ना?"
नियम तसाच आहे. मीच केलेला, २००४ साली.
"सगळं," म्हणते,
आणि सगळंच देते, एकशे एकोणऐंशीसुद्धा.
खाली कपबशा वाजू लागल्यात.

दहा वर्षांत रविवार पाचशे एकवीस येतात,
कधी पाचशे बावीस.
आज पहिल्यांदा मोजले.