बाकी येणे

यशोधन सांगवडेकरांना त्यांच्या पथकाचा इतिहास हवा होता.
दोनशे वर्षांचा मुहूर्त हुकलाच होता,
निदान मुलीच्या लग्नाआधी छापून व्हावा, म्हणाले,
गुळगुळीत कागदावर, वर उधळलेला घोडा.
मी मोडी वाचते. पानाला साठ रुपये.

दफ्तरात शाई चालत नाही, शिसपेन्सिल चालते.
रुमाल सोडला की आधी शिंका,
मग कसरीची भोकं,
आणि भोकांच्या मधून केसो त्रिंबक, पथकाचा कारकून,
बोरू न उचलता ओळीच्या ओळी पुढे रेटणारा.

माणसांपेक्षा घोडी त्यानं बारकाईनं लिहिली आहेत.
घोडी कुमैत, उमर सहा, कपाळीं चांद, मागचा उजवा पाय पांढरा.
वर स्वार: राणोजी बिन सटवाजी.
राणोजीला उमर नाही. कपाळ नाही.
घोडी मात्र त्याची स्वतःची. शेत गहाण टाकून घेतलेली,
ती पडली तर तो शिलेदार नाही, नुसता चालणारा माणूस.

आश्विन वद्य एकादशी, सकाळची हजेरी: दोनशे बारा.
द्वादशीची: एकशे सत्तेचाळीस.
मधल्या अख्ख्या दुपारीविषयी केसो त्रिंबक लिहितो,
पुढें चिखल होता.
बस.

एका रविवारी मी खडकीला जाऊन आले.
चिखल कुठे होता ते चहावाल्याला विचारलं,
तो म्हणाला, कोणता? पाइपलाइनचा?

मग पथक पळतं. केसो त्रिंबक त्याला पळणं म्हणत नाही,
मुक्काम हलविला, म्हणतो. एकतीस वेळा.
सब्जा घोडा वारला, शेपूट हजर.
बोर घोडी वारली, शेपूट हजर.
शेपूट दाखवल्याशिवाय नुकसानी मिळत नसे,
आणि दाखवूनही मिळाली असं कुठे दिसत नाही.
राणोजी रजा न घेतां घरीं गेला. रोजमुरा चार महिन्यांचा, बाकी.
माघी पौर्णिमेला आष्टीनंतर उरली घोडी: एकोणीस.

इथवर सांगवडेकर खूश होते.
फोनवर मी शेपटांचं वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला.

पण त्याच रुमालात, त्याच अक्षरात,
कुणबीण एक, नांव सगुणी, उमर अजमासें बारा,
रंग सांवळा, डाव्या गालीं तीळ, किंमत रुपये तीस.
सब्जाची होती दोनशे चाळीस.
बोरू कुठे अडखळलेला नाही. मी भिंग लावून पाहिलं.
पथकाबरोबर ती दळायला होती.
एकतीस मुक्काम, एकतीस वेळा जातं उचललं कुणी
हे लिहायचं कोणाला सुचलं नाही.

आणि शेवटचं पान. एकोणीस घोडी,
दाणा संपलेला, इंग्रज दोन मजलांवर:
सगुणी रात्रीं पळाली. शोधास स्वार दोन पाठविले.

मी पेन्सिल खाली ठेवली.
एकोणिसांतले दोन.

तिसऱ्या दिवशी: स्वार माघारीं आले. सगुणी
आणि पुढे कसरीनं खाल्लंय,
नखाएवढं, गोल, नीट.
भोकाखालून मागच्या पानाचा एक काना दिसतो.
मी तो वाचायचा प्रयत्न केला नाही असं नाही.

सांगवडेकर म्हणाले, बाई, हे कशाला?
हे तर सगळीकडेच होतं तेव्हा.
म्हटलं, चिखलही सगळीकडेच होता.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत,
मग मुलीच्या लग्नाची तारीख सांगितली.

पुस्तक निघालं. घोडा चांगला छापलाय, आयाळ सोनेरी.
एकशे चौदा पानांचे पैसे आले.
मी एकशे पंधरा वाचली होती.
वहीत नावापुढे लिहून ठेवलंय,
केसो त्रिंबकासारखंच, बोरू न उचलता:
साठ रुपये, बाकी येणे.