एकतीस जून

केप्याहून निघालो तेव्हा वही कोरी होती.
मडगावला बस बदलली
आणि नुवें येईस्तोवर मी एप्रिल संपवला.

निळ्या पेनाने उपाशीपोटीचे आकडे,
काळ्याने जेवणानंतरचे.
११८, १३४, मध्येच एखादा १९६,
खरं वाटावं म्हणून.
तेवढी अक्कल होती मला.

वेर्ण्याच्या चढावर मे वाकडा झाला.
कुठ्ठाळीच्या उतारावर तिनाचा आठ.
जुवारीच्या पुलावर जून:
खाली एक बार्ज नांगरून पडलेली,
आणि वर मी,
रोज सकाळी सातला न चुकता
बोट टोचून घेणारी मुलगी.

आई खिडकीकडे. डोळे मिटलेले.
मांडीवर डबा, डब्यात इन्सुलिन,
इन्सुलिनभोवती ओला रुमाल.

खरं तर यंत्र दप्तराच्या तळाशी असायचं,
कंपासपेटीच्याही खाली.
हायर सेकंडरीच्या टॉयलेटला कडी नाही.
आणि ‘हा म्हाताऱ्यांचा आजार तुला कसा गं?’
याला द्यायचं उत्तर
मी पाच वर्षं पाठ करतेय.

बांबोळीला माझ्याआधी रक्त बोलून बसलं होतं.
तीन महिन्यांची सरासरी: अकरा पॉइंट दोन.
रक्ताकडे दोन पेनं नसतात.

डॉक्टर रिबेलो पानं उलटत गेल्या, सावकाश,
घाई नसल्यासारख्या,
बाहेर एवढी रांग असताना.
शेवटच्या ओळीवर थांबल्या.
‘एकतीस जून,’ म्हणाल्या. ‘११२. छान.’

आईने मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजले.
पुन्हा मोजले.
जून खड्ड्यातच निघाला.

‘काय खाल्लं होतंस त्या दिवशी?’

जो दिवस कुणाच्याच वाट्याला आला नाही
त्या एका दिवशी
माझी साखर जागेवर होती.

‘गरे,’ मी म्हणाले. ‘रसाळ फणसाचे.
मळकर्ण्याला, मावशीकडे. मोजले नाहीत.
रात्री चारदा उठले, तांब्या रिकामा केला,
यंत्र नाही काढलं.
किती येईल ते माहीत होतं.’

हे कोणत्या तारखेचं, तेही नीट आठवत नव्हतं.

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, वर स्वतःचं पेन.
‘लिही.’
‘आकडा नाहीये.’
‘नसू दे. गरे लिही.’

परतताना आईने खिडकी मला दिली.
आगशी मागे पडली, पूल आला, बार्ज तिथेच.
मग ती म्हणाली,
‘मे महिन्यात तुझा हात दुखला असेल.’