भाड्याचा माईक

बिछायत, दोन भोंगे, एक माईक.
तेरा गावांत माझंच भाडं चालतं.
बारशाला मी, तेरवीला मी,
प्रचाराला तर दोन्ही पार्ट्यांकडून मीच.
माईकला आपलं मत नसतं, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो.
म्हणून तिचंही नाव वहीत लिहून घेतलं:
निरंजना ढोके, सिनेमावाली, चौथीपर्यंत इथल्याच शाळेत.
एक रात्र, पडद्यासकट, आठशे.

त्याच आठवड्यात सीमेवर सुरू झालं होतं.
पानठेल्यावर जो तो सेनापती.
चुना मळता मळता तिघांनी दोन शहरं घेतली.
आणि हिनं माईक हातात घेतल्या घेतल्या सांगितलं,
मी या युद्धाच्या विरोधात आहे.
आधीच सांगते, मागून कळायला नको.
आता सिनेमा बघा.

शाळेच्या भिंतीवर पडदा,
पडद्याच्या वर अर्धा सुविचार उरलेला.
आणि पडद्यावर आपल्याच बाया.
डेपोतले जुने गोळे जिथं फोडतात
(इथं ताटं वाजतात, आपण म्हणतो, अकरा वाजले)
तिथली माती चाळणीनं चाळत,
पितळ वेचत.
त्यांत शेवंता. डावा हात मनगटापर्यंत.
बाजारात तिला सगळे पाहतात
एका हातानं वांगी निवडताना.
पडद्यावर ती घराएवढी झाली, आणि कुणाला पाहवेना.

बंद कर! मागून कुणी ओरडलं.
आपले पोट्टे तिकडं मरून राह्यले
अन् हे इथं भंगार दाखवून राह्यली!
खुर्ची पडली. माझीच, मोजून आणलेली.
ती माईकवर म्हणाली,
जो गोळा हिच्या हातात फुटला
तो कुणासाठी बनवला होता, एवढंच मी

आणि आवाज गेला.

लोकांना वाटलं लाईन गेली,
ते काही आमच्याकडं नवीन नाही.
पण लाईन गेली नव्हती. बल्ब जळत होता.
पिन मी ओढली होती.
दोन बोटांनी. गव्हातला खडा काढावा तशी.
पडद्यावर शेवंता बिनआवाजाची चाळत राहिली,
मग मी पडद्याचंही बटण दाबलं.

सुभेदार चिंचोळकर उठले.
तोफेजवळ अठरा वर्षं, एक कान तिकडंच राहिला.
आवाज गेल्याचं त्यांना कळलंच नसावं.
खुर्ची ओढत पुढं गेले, चांगला कान तिच्याकडं करून बसले.
मले तुह्यं पटत नाही, म्हणाले.
तो पहाड आमी सोडला असता
त तू इथं उभी नसती राह्यली.
पन बोल. पुरं बोल.
अर्ध्या गोष्टीशी भांडता येत नाही मले.

मग भांडले दोघं, बिनमाईकचे, रात्री एकपर्यंत.
मागचे काही पुढं सरकले. बरेच घरी गेले.
ती म्हणाली, तुमचा कान कुणी परत दिला?
ते म्हणाले, मागितला कोनं?
पटलं कुणालाच काही नाही.
सुभेदारांच्या नातवानं झोपेत टाळी वाजवली, तेवढीच.

सकाळी एसटीआधी ती पैसे द्यायला आली.
मी म्हटलं, बाई, अर्धीच रात्र झाली, चारशे द्या.
तिनं आठशे मोजले.
म्हणाली, ती पिन बघून घ्या, सैल झालीय.
तिला माहीत होतं की नाही,
हे मला अजून ठरवता येत नाही.

मंगळवारी बाजारात शेवंतानं मला अडवलं.
खांद्याला पिशवी, पिशवीत मेथी.
काय गा, सिनेमा पुरा दाखवला नाही तुमी?
शेवटाले मी हासली होती.
थे राह्यलं पाहाचं.