वहिवाट

बँकेचा माणूस ओवळ्याला आला
आणि त्याने आधी फ्लॅट नाही, रस्ता मोजला.
गेटपासून घोडबंदर रोडपर्यंत
दोनशे दहा पावलं.
‘हा पालिकेचा नाही,’ म्हणाला बुटाची माती झटकत,
‘खाजगी आहे. कर्ज अडेल.’

पॅनेलच्या वकिलाने सातबारा काढला.
सात नावं. सहा मयत.
सातवी बयोबाय मढवी.

बिल्डर म्हणाला, होईल.
मी विचारलं, कधी?
म्हणाला, होईल.

शेवटी मीच गेले.
ओटीवर सोडे सुकत होते,
फाईल कुठे टेकवावी कळेना.
‘वीस वरसं हप्ता,’ ती म्हणाली,
‘आनि चालाला माजा कागद?
हितं बांध व्हता आमचा.
सासरा भाताचं भारं घेवून यायचा यावरनं.
त्याची पावलं कोनी मोजली नाय.’

अंगठा दिला.
शाई पदराला नाही, भिंतीला पुसली,
जिथे आधीचे चार-पाच होते,
निळे, निरनिराळ्या सालांचे.

मंजुरीचं पत्र आलं.
व्याजदर, मुदत, आणि कलम अकरा:
प्रवेशमार्ग तिसऱ्या पक्षाच्या मालकीचा.

तिसरा पक्ष रोज संध्याकाळी
रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसतो.
मी स्कूटर थांबवते. हॉर्न देत नाही.
ती सावकाश उठते,
खुर्ची उचलते, माझ्या पिशवीत काय आहे ते बघते,
आणि मी पुढे गेले
की पुन्हा तिथेच ठेवते.