पूर्ण दाब

आण्णांची फियाट गिअरमध्येच झोपायची.
हँडब्रेकवर त्यांचा भरवसा नव्हता.
दाजी पेठेतल्या आमच्या बोळाला उतार असा नाहीच,
पण गिरणीत तीस वर्षं जॉबर राहिलेल्या माणसाला
मोकळं सोडलेलं चाक बघवत नाही.

एका सकाळी क्लच न दाबताच त्यांनी चावी फिरवली.
गाडीनं उडी मारली,
बेडकासारखी, एकच,
आणि लच्चम्माचा निळा पिंप आडवा.
चार दिवसांनी आलेलं पाणी
आमच्या उंबऱ्यापर्यंत आलं, मग गटारीत गेलं.
लच्चम्मा आधी तेलुगूत बोलली,
मग मराठीत, सगळ्या बोळाला कळावं म्हणून.
आण्णा खाली बघून म्हणाले,
"गिअरमध्ये होती."
आईनं आमच्या दोन घागरी तिच्या दारात नेऊन ठेवल्या.
त्या आठवड्यात आम्ही तांबे मोजून अंघोळ केली.

नंतर आण्णा कुणाशी बोलेनात.
इलाही नदाफच्या गॅरेजातून लाल वायर आणली
आणि भंगारात निघालेल्या मागाचा एक स्विच.
मागाचं त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं:
एक धागा तुटला की त्यावरची पत्री खाली पडते,
बोटाएवढी,
आणि अख्खा माग थांबतो.
"नाही थांबला तर?"
"तर काय. कापड होतं. भोकाचं."

दोन दिवस ते पेडलखाली उताणे.
बाहेर फक्त पाय आणि लेंग्याची लोंबती नाडी.
चावीकडून स्टार्टरकडे जाणारी वायर कापली,
मध्ये तो स्विच बसवला.
आता क्लच तळाला टेकल्याशिवाय
चावी कितीही फिरवा,
टक् नाही की खर्र नाही.
इलाही म्हणाला, "कंपनीला सुचलं नाही ओ हे, आण्णा."
आण्णा हसले नाहीत. हात पुसत राहिले,
स्वच्छ झाल्यावरही.

मे महिना. मी सोळाची.
रात्री दीडला आण्णा मागच्या सीटवर, शर्ट भिजलेला,
आईचा हात त्यांच्या छातीवर,
तिथून काही सांडेल असा दाबून धरलेला.
मी मैदानात दोनदा चालवलेली गाडी,
तीही आण्णा शेजारी असताना.
चावी फिरवली. काही नाही.
परत. काही नाही.
सीट त्यांच्या मापाची,
पाय माझ्या मापाचे.
मी त्या स्विचला शिवी दिली,
ज्याच्यामुळे बोळातले सगळे पिंप उभे होते.

मागून आवाज आला.
माग चालू असताना ओरडून बोलायची सवय त्यांना,
हा आवाज शेड बंद पडल्यावरचा:
"पूर्ण दाब. तळापर्यंत."

मी सीटवरून घसरले, मान स्टिअरिंगखाली,
रस्ता गेला, काचेत फक्त खांबावरचा दिवा,
पेडल तळाला टेकलं.
खर्र.
सिव्हिलपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या पुढे गेले नाही.

त्यानंतर आण्णा अकरा वर्षं होते.
गाडी त्यांच्या आधी गेली.
घ्यायला मंद्रूपचा एक पोरगा आला, सोबत त्याचा मेकॅनिक,
कानावर टेस्टर खोचलेला.
चावी फिरली, गाडी गप्प.
त्यानं वाकून बघितलं. "हे काय बे लावून ठेवलंय?"
दातानं वायर सोलली, दोन टोकं पिळली,
आणि स्विच माझ्या हातात दिला,
रिकामा कप परत द्यावा तसा.
मी म्हणणारच होते, थांब जरा,
तोवर पोराची चावी फिरलेली.

गाडीनं उडी मारली.
समोर आता पिंप नव्हता. लच्चम्माही नव्हती.
नुसतं ऊन.

पायरीवर बसून आण्णा म्हणाले, हळू,
कुणालाच नाही असं,
"गिअरमध्ये होती."