घेर

मे महिन्यात चोडणला मांडीवर लोकर घेऊन बसणारी
मी एकटीच असेन.
अंगणात आमसुलं वाळताहेत, फेरीचा भोंगा वाजतो
आणि मी बाल्टिकच्या थंडीसाठी सुया चालवते.

रोहिदास तेव्हा बोटीवर होता. फोनवर म्हणाला,
"डोक्याचं माप? आपल्या माडाचा एक नारळ घे."
नारळ कशाला?
माझ्या हातांना पाठ होतं ते डोकं :
पायरीवर गुडघ्यांत आवळून धरलेलं,
फणीखाली कुरकुरणारं,
उजव्या कानामागे चिरेखाणीत पडल्याची खूण.
नव्वद टाके घातले. मोजायचं काय त्यात.

सोमवारी तो आला.
टोपी टाळूवर बसली
मिठाच्या बरणीवर दुसऱ्याच बरणीचं झाकण बसावं तशी.
दोन्ही कान बाहेर.
मुलं हसली, वहिनी हसली, तोही हसला.
मग म्हणाला, "चालेल गो, वरून हूड ओढेन."
चालेल म्हणजे ट्रंकेच्या तळाशी जाईल.

केव्हा वाढलं हे एवढं?
कपाळ मागे सरकलंय, मानेवर वळी.
मी हात लावू का विचारलं.
विचारलं!
टेप म्हणाली साडेतेवीस इंच.

शुक्रवारी विमान,
आणि तो निळा पणजीत संपलेला.
"गोव्यात लोकर कोण नेतं बाई?
एक मावशी नेते, तीही कुत्र्यासाठी."

आवेलिनाने टोपी उलटी केली, नाकाशी धरली,
"घामाच्या हातांनी विणलंस, टाके आवळलेत," म्हणाली.
"कातर दे."
मी दिली नाही.
तिने घरून आणली.
आधी दोन ओळींत क्रोशाची साखळी घातली,
मग त्यांच्या मधोमध,
काठापासून शेंड्यापर्यंत,
कचकच कापत गेली.
मी फेरीकडे बघत राहिले.
एकही टाका पळाला नाही.

फट भरायला तिच्या बहिणीचा स्वेटर,
लिस्बनहून आलेला, घडी न मोडलेला, तांबडा.
बाही उसवली तर लोकर शेवयांसारखी कुरळी;
उकड्या तांदळाच्या पेजेवर धरून
वाफेने सरळ केली.
पंख्याखाली दोन रात्री वाळली नाही,
तशीच दमट विणली.

गुरुवारी रात्री दोन वाजता शेवटचा टाका.
निळ्यात एक तांबडी पाचर,
काजूच्या बोंडासारखी खाली रुंद.
तो झोपलेला. न विचारता घालून पाहिली.
डावीकडे बोटभर सैल.
राहू दे. अजून वाढलं तर?

सकाळी फेरीत चढताना त्याने ती घातलीच.
डोक्यावर ऊन, मोटरसायकलवाले वळून बघताहेत,
घाम कपाळावरून ओघळत कानांपाशी आला
आणि तिथून पुढे
कान दिसत नव्हते.