पेवाचं तोंड

हळद-वखारीच्या पावतीमागे
मी बॉलपेननं वाटा काढून दाखवत होते.
समोर रायगोंडा मगदूम, राहणार हरिपूर,
चाळीस वर्षं पेवात उतरलेला माणूस,
नखं अजून पिवळी.

मुलगी त्रिशला, वय एकोणीस.
वाकली की डोकं फुटायचं.
एकदा बोलता बोलता गुडघ्यातून सुटली,
मिनिटभरात उठून विचारलं,
माझी चप्पल कुठाय.

गाठ हरभऱ्याएवढी. जागा लबाड:
मेंदूच्या ऐन मध्यात, पाण्याच्या वाटेवर,
मोरीच्या बोळ्यासारखी.

कुठनं उतरणार? त्यांनी विचारलं.
वाचेल का, खर्च किती, हे सगळे विचारतात.
कुठनं, हे पहिल्यांदाच कुणी.

म्हटलं, एक वाट कपाळामागून, मेंदूतूनच.
सरळ आहे, पण उभं पीक तुडवून जाते.
दुसरी दोन अर्धांमधल्या फटीतून.
तिथं कुणाचं रान नाही, नुसता बांध.

"मग बांधानं जावा." थोडं थांबून,
"पर बांधावर बी भांडणं असत्यात."

असतात.
निळ्या शिरा आडव्या बसलेल्या,
एक तुटली तर पाय जाऊ शकतो.

त्यांनी पावती उलटी-सुलटी पाहिली.
"आमचं बी असंच. तोंड खांद्याएवढं,
पोट खोलीएवढं, वीस-पंचवीस फूट.
उघडलं की लगीच उतरायचं न्हाई, बाई.
कंदील सोडायचा आधी.
त्यो इझला तर आपुन बी इझतो."
पावतीची घडी घातली.
"आमचा पारिसा कंदलाच्या आधी गेला."

सकाळी मिरजेत, थिएटर नंबर दोन.
उजेड आधी सोडला, मी मागून.
उजवा अर्ध ओढला नाही,
ओला कापूस ठेवून वाट पाहिली,
आपल्याच वजनानं सरकला.
खाली पांढरा सेतू, त्यावर दोन धमन्या
एका जोखडातल्या.
त्यांच्यामधून दीड सेंटिमीटरचं दार.

आत पाणी. निवळशंख.
लाल झालर धरून पुढं गेलं की भोक सापडतं,
झालर खोटं सांगत नाही.
भोकाच्या काठावर तो पांढरा दोर,
शेवयांच्या जुडीएवढा.
त्याला धक्का लागला तर पोरगी उठेल,
जेवेल, हसेल, वेणी घालेल,
आणि बापाला दर सकाळी विचारेल
काल काय झालं.

गाठ फोडली.
आतलं हळदीसारखं होतं म्हणायचा मोह होतो.
नव्हतं. हिरवट होतं, घट्ट, जुन्या मधासारखं.
शोषून घेतलं. कवच सोडवत सोडवत आणलं.
एका जागी ते शिरेला धरून बसलेलं,
नखाच्या कोरीएवढं.
हात म्हणत होता, काढ.
शेजारी सौंदत्ती श्वास धरून उभा.
भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू आलं,
जे एरवी कधी येत नाही.

सोडलं तिथंच.

बाहेर सांगितलं: झालं, थोडं ठेवलंय मुद्दाम.
दरवर्षी फोटो काढायचा. वाढू शकतं.
"किती ठिवलं?"
मी नख दाखवलं.
ते आपलं नख बघत राहिले,
मग चहाला गेले, मला न विचारता,
आणि दोन कप घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी त्रिशलाला सगळं आठवत होतं:
आत्याचं सासर, कॉलेजचा रोल नंबर,
संगमावरच्या पुराचं साल.
फक्त मी आठवत नव्हते.
सकाळी नाव सांगितलं,
संध्याकाळी परत सांगितलं.
रात्री घरी जाताना
हरिपूरच्या फाट्याशी गाडी उगाच हळू केली.
चौथ्या दिवशीही नाव सांगितलं.

पाचव्या दिवशी दारातच होते,
तिनं उशीवरून मान वळवली.
"तुम्ही कालच्याच ना?"

फाइलमध्ये तेवढंच लिहिलं,
तारीख घालून.